पेला परत करायचा असतो

"लसूण बाजूला काढू नका हो… मासा रुसतो!"

चिनात्सुने दचकून वर पाहिलं. पेंढ्याच्या धुराआडून एक हसरा चेहरा डोकावत होता. कपाळाला काजळी, हातातल्या सळईवर खरपूस भाजलेला कुपा.

"आणि लसूण खाल्ला की माणसं रुसतात, त्याचं काय?"

"आमच्या कुरे गावात नाही रुसत. इथं सगळ्यांच्याच तोंडाला वास!"

ती खळखळून हसली, आणि झालं! मैत्रिणी क्योतोला गेल्या होत्या. "कोचीत आहे तरी काय?" असं नाक मुरडून गेल्या होत्या. ही मात्र खाण्यापायी नागोयाहून एकटीच कोची प्रांतातल्या या कोळीगावात आलेली. मासे भाजणाऱ्या ताकुमाने तिला दोन दिवस युझू लिंबांच्या बागा दाखवल्या, वाफाळती आल्याची भजी खाऊ घातली. नदीवरच्या बिनकठड्याच्या पुलावर त्याचा टेम्पो चढला, तेव्हा तिने घाबरून त्याची बाही धरली.

"पूल संपला," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि बाही काही सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ती उतरली होती त्या यासुएमावशींकडेच पंगत होती. कोचीत पंगतीला निमित्त लागत नाही, आणि ओळख तर मुळीच नाही. ताटंच्या ताटं मासे, हास्याचा गडगडाट. ताकुमा तिच्यासमोर येऊन बसला, आपला पेला एका घोटात संपवला, तिच्या हातात दिला आणि साकेने, तांदळाच्या दारूने, काठोकाठ भरला. निळ्या काठाचा, चिमुकला पेला. ती प्यायली. तिला वाटलं… आठवण म्हणून दिला असेल. तिने तो हळूच पुसला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवून दिला.

त्यानंतर ताकुमाचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोपऱ्यात जाऊन बसला तो बसलाच. बोलणं नाही, पिणं नाही. कोणी आपला पेला पुढे केला की नुसती मान हलवायचा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ होत आली, तशी चिनात्सु पिशवी मांडीवर घेऊन पुन्हापुन्हा त्या कोपऱ्याकडे बघू लागली. दोन दिवस तोंड मिटत नव्हतं याचं, आणि आज? आपणच वेड्यासारखं गुंतलो. एक शब्द… एवढा एक शब्द बोलला असता तर!

"मावशी, ताकुमासान रागावलेत का माझ्यावर?"

"रागावेल कशाला? त्याचा पेला कुठे गेला कोण जाणे!"

"तो तर त्यांनी मला दिला ना…"

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं माझ्या बाई! दिला तो पिण्यापुरता! पिऊन झालं की त्याच्याच हातात द्यायचा, आणि आपण भरायचा. तू परत दिला नाहीस, म्हणून तो कोरडा बसलाय. बरं, मागे ढीगभर पेले पडलेत, एखादा घ्यावा की नाही? पण नाही! खुळा कुठला!"

चिनात्सु लाजेने लालबुंद झाली. पिशवी उपसून पेला काढला आणि तशीच त्याच्यापुढे जाऊन बसली.

"मागायचा नाही का?"

"मागितला असता तर दिला असतात तुम्ही."

"मग?"

"मग… देणंघेणं मिटलं असतं. तुम्ही बसमध्ये बसला असता, मी माशांकडे." त्याने मान खाली घातली. "माझं काहीतरी तुमच्याकडे राहिलंय, एवढ्यावरच मी दुपारपासून बसलोय."

तिने पेला त्याच्या हातात ठेवला. ओतताना तिची नजर त्याच्यावरच होती; निम्मी साके त्याच्या गुडघ्यावर सांडली.

"तेवढंच आहे का सांगायचं, ताकुमासान?"

त्याने पेला रिकामा केला. कान लालेलाल!

"तुम्ही मला आवडता. फार आवडता."

"हे काल पुलावर सांगितलं असतंत, तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तर तेव्हापासूनच आवडता तुम्ही…"

बाहेर बसचा भोंगा वाजला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. चिनात्सुने डोळे पुसले.

"मावशी… माझी गादी गुंडाळली नाहीत ना अजून?"

"गुंडाळते कशाला?" मावशी म्हणाल्या. "आज रात्री तुला लागणार म्हणून सकाळीच उन्हात घातलीये!"