खिडकीकडची फांदी

लाईट गेलीच आहे तर ऐका. पण मध्येच कुणी पाणी प्यायला उठायचं नाही. गोष्ट माझ्या एका दोस्ताची. माळीकाम करायचा. कमरेला कायम खुरपं, म्हणून आम्ही त्याला खुरप्याच म्हणायचो. लग्नात तरी ते काढलं होतं की नाही, शंकाच आहे. हसा, आत्ताच हसून घ्या.

शनिवार होता, अमावास्येची आदली रात्र. खुरप्या टेम्पो घेऊन कोपऱ्यावरच्या बंद घरातलं एक झाड आणायला निघाला. मोठं झाड रात्रीच हलवतात, मुळांना ऊन लागू नये म्हणून. झाड पारिजातकाचं, घर शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. बाई नुकत्याच गेल्या होत्या. पुतण्याने घर विकलं होतं आणि सकाळी ते पाडायला माणसं येणार होती.

बाईंना मूलबाळ नव्हतं. रोज पहाटे खिडकीतून ओंजळ बाहेर धरून बसायच्या, फुलं तिच्यात पडायची. खुरप्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "माझं लेकरू आहे ते. मी गेले की तू ने. फक्त त्याचं तोंड फिरवू नकोस."

माळ्यांची रीतच आहे ती. झाड काढण्याआधी एका फांदीला चिंधी बांधायची आणि नव्या जागी ती फांदी त्याच दिशेला ठेवायची. खुरप्याने बाईंच्या खिडकीकडच्या फांदीला चिंधी बांधली.

घरी बायको सातव्या महिन्यात. आधी दोनदा पोटातलं मूल गेलेलं, त्यामुळे दोघंही जीव मुठीत धरून होती. झाड उतरवताना ती अंगणात आली.

"देवाने बायकोसाठी स्वर्गातून पारिजातक आणला. तुम्ही कोपऱ्यावरून आणलात, तेही मी महिनाभर डोकं खाल्ल्यावर."

"स्वर्गात टेम्पो जात नाही गं."

ती हसली. "ती चिंधीची फांदी माझ्या खिडकीकडे करा ना. पडल्या पडल्या फुलं दिसतील."

कितीतरी दिवसांनी हसली होती ती. खुरप्याने झाड फिरवलं.

झाड जगलं. लगेच कळ्याही धरल्या. रात्री अंगण घमघमायचं, पण सकाळी खाली एक फूल नसायचं. शेजारच्या आजी गमतीने म्हणाल्या, "देवाच्या गोष्टीत तरी वेगळं काय? झाड एकीच्या अंगणात, फुलं सवतीच्या दारात." बायकोला काही हसू आलं नाही.

एका रात्री त्याला जाग आली. शेजारची जागा रिकामी. बायको खिडकीशी बसली होती. ओंजळ बाहेर धरून.

"अगं, काय करतेस?"

तिने ओंजळ आणखी पुढे केली.

"झोप ना."

"बाई वेचतायत," ती हळूच म्हणाली. "रोज येतात. आज माझ्याकडे बघत होत्या... पोटाकडे."

अंगणात कुणी नव्हतं.

खुरप्या कुदळ घेऊन धावला. झाड पुन्हा फिरवायचं, बस. पहिला घाव घातला. आत बायको किंचाळली. पोट धरून. त्याने हातांनी माती उकरली. मुळं भिंतीखालून गेली होती... थेट तिच्या खाटेखाली. लावून महिनाही न झालेल्या झाडाची.

त्याने हात जोडले. "बाई, चुकलं माझं. फुलं सगळी न्या. तेवढं एक..."

वारा नव्हता. झाड एकदाच हललं. फुलं पडल्याचा आवाज आला. टप. टप... खाली काहीच नाही.

आतून बायकोचा आवाज आला.

"नेलं हो."

दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ बाळाचे ठोके शोधले. मग यंत्र बाजूला ठेवलं. बायको वाचली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पहाटे तो बाहेर पडला. पाय आपोआप कोपऱ्याकडे वळले. घर पाडून झालं होतं. उरला होता झाड काढल्याचा खड्डा.

खड्डा फुलांनी भरलेला. ताज्या, ओल्या. आणि मधोमध एक खळगा... तान्हं मूल निजवल्यावर गादीला पडतो, तेवढा.

त्याने हात लावून पाहिला.

अजून उबदार होता.