हरणीचा फोटो

फोटोवाल्या काकांच्या स्टुडिओतून कुणीही खेळाडू होऊन बाहेर पडे. जन्मात बॅट न धरलेल्या एका जावईबापूंना त्यांनी शतकवीर करून दाखवलं होतं. त्यामुळे त्या दुपारी आलेल्या बाईंचं काम त्यांना अवघड वाटलं नाही. बाईंची थोरली मुलगी, हरणी, शर्यतीत पळायची. गेल्या वर्षी तापाने गेली, मागे उरला तो फक्त ओळखपत्रावरचा फोटो. आईला ती भिंतीवर जिंकताना हवी होती. अंग धाकटीचं, चेहरा थोरलीचा.

धाकटी ढमी ताईची जर्सी कशीबशी चढवून उभी राहिली. "काका, पोट तेवढं तुम्हीच आत घ्या हं!" काकांना पोर तिथंच आवडली. आई मात्र हसली नाही.

पोरीच्या पायांत धाव काही येईना. काकांनी नेहमीची युक्ती काढली. "वहिनी, तिला थोरलीच्या नावानं हाक मारा. बघा कशी उसळते."

बाईंनी पोरीच्या अंगावरच्या जर्सीवरून एकदा हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "हरणे... ये..."

पोरगी अशी झेपावली की मागचा पडदा हलला. बंद खोलीत तापलेल्या मैदानाचा, घामाचा वास पसरला. आई हाका मारत राहिली, काका टिपत राहिले.

संगणकावर चेहरा बसवायला गेले आणि काकांनी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून चाळले. पहिल्या फोटोत ढमी होती. पुढे फोटोगणिक गाल ओसरत गेले होते. शेवटच्या फोटोत छातीवर फीत झेलत हरणी धावत होती. बसवायला काही उरलंच नव्हतं.

काकांना पोरीची फार काळजी वाटली. "ढमे, चल, आता तुझा काढू. तुझ्याच कपड्यांत. माझ्याकडून भेट."

फोटो आला तो अस्सल ढमीचा, गुबगुबीत, दात दाखवणारा. काकांचा जीव भांड्यात पडला. लगेच छापून त्यांनी तो बाहेर बसलेल्या आईच्या हातात दिला.

तिने तो मायेनं निरखला. "गोड आहे हो पोरगी. कुणाची?"

"अहो... तुमचीच... धाकटी..."

"मला एकच आहे," ती हसून म्हणाली आणि स्टुडिओतून आलेल्या पोरीचा हात धरून उठली. "चल, हरणे."

दारात पोरगी क्षणभर थांबली. चेहरा लांबट, गाल बसलेले.

"असू दे, काका... आई किती दिवसांनी हसली," ती कुजबुजली.

आवाज अजून ढमीचाच होता.