जीपला दिलेलं आवतण

चहा घ्या आधी. कंदिलाची वात जरा वर करतो, म्हणजे तुमचं तोंड दिसेल. ही गोष्ट मी तोंडाकडे पाहूनच सांगतो. मिस्त्री लोकांच्या थापा म्हणून हसायचं असेल तर आताच हसून घ्या, मला राग नाही. मीसुद्धा हसण्यावारीच नेलं होतं, आणि तेच अंगाशी आलं.

सौसरला माझं गॅरेज आहे. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्याच्या पुढच्या वर्षाची ही हकिगत. माझी धाकटी बहीण विजयमाला बोरगावच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा श्रीकांत नागपूरला सरकारी कचेरीत कारकून. राज्य बदललं तसा तो तिकडेच अडकला. विजू इकडे सासऱ्यांजवळ, संत्र्याच्या बागेत. घरात दुसरं बाईमाणूस नाही.

तिची दोन मुलं आधी गेली होती. दुसरं तर केवळ सौसरच्या वाटेवरल्या नाल्यापायी गेलं. ऐन पावसाळ्यात तिच्या पोटात दुखू लागलं, बैलगाडी नाल्यापर्यंत गेली आणि पाणी उतरेपर्यंत सहा तास काठावर उभी राहिली. पाणी उतरलं तेव्हा उशीर झाला होता. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की या खेपेला वेळेवर दवाखाना गाठला नाही, तर मुलाबरोबर आईही हाती लागणार नाही.

म्हणून तिचे सासरे केशवराव कामठीच्या लष्करी लिलावातून लढाईतली एक जुनी जीप घेऊन आले. ती माझ्या दारात उभी करून ते म्हणाले, "विनायकराव, हिले एवढी उंच करा का नाल्याचं पानी खालून गेलं पायजे. सून अन् नातू कोरडे पायजेत. बाकी मले काई नाई समजत."

मी ते काम जीव लावून केलं. बहिणीचं काम होतं. कमानपाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पानांच्या कमानी, उतरवले, ट्रकच्या पाट्यांतली पानं कापून प्रत्येकात दोन-दोन वाढवली. कड्या लांब करून घेतल्या. मोठ्या लष्करी गाडीची चार टायरं मिळवली. ती बसेनात, तेव्हा मडगार्ड छिन्नीनं कापून काढले. दोन्ही बाजूंना पत्र्याची दारं बसवली, कारण मूळच्या जीपला दारंच नव्हती आणि बाळंतीण काही उघड्यावर न्यायची नव्हती. गाडी आधीपेक्षा वीतभर आणि वर चार बोटं उंच झाली. सौसरातली पोरंटोरंच काय, फौजदारसुद्धा पाहायला येऊन गेले. मला आपल्या हाताचा गर्व झाला होता हे कबूल करतो.

एकच गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. मागचा रंग खरवडताना दोन्ही बाजूंच्या बैठकीपाठीमागे पत्र्याला एक-एक ठिगळ सापडलं. आधी कोणीतरी भोकं बुजवली होती. करंगळी जाईल एवढी गोळीची भोकं, बाहेरून आत गेलेली. लढाईतली गाडी म्हटल्यावर हे असायचंच. मी वर नवा रंग मारला आणि विसरलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन केशवरावांच्या गावी गेलो. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते, तुम्हाला माहीत आहेच. वर्षभर जू वाहिलेले खांदे लोणी-हळदीनं चोळायचे, पळसाच्या पानानं शेकायचे, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. गोठ्यात ते सगळं चाललं होतं. जीप बाहेरच उभी होती. हळद-लोणी उरलं तसं मी चार लोकांना हसवायला म्हणून ते पान घेऊन जीपमागे गेलो. उजव्या पाट्याला चोळलं, मग डाव्या पाट्याला चोळलं. वाकून पाठीमागच्या बैठकींना म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सगळे खो खो हसले. विजू ओट्यावर बसली होती, तीसुद्धा पोट धरून हसली. केशवराव तेवढे हसले नाहीत. आवतण ज्याला दिलं त्याला आपल्या हातानं जेवू घालावं लागतं, त्यात मजाक नसते, असं काहीतरी ते पुटपुटले. मी म्हटलं, उद्या हिच्या टाकीत पुरणपोळी टाकू. त्या उत्तरावर मी स्वतःच खूश होतो.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी सवयीनं गाडीखाली हात घातला. मागून गाडी वीतभर आणि चार बोटांऐवजी वीतभर आणि दोनच बोटं वर होती, दोन्ही बाजूंनी. रिकामी गाडी. नवी पानं बसतात, दबतात, असं मी मनाला सांगितलं. खरं तर ट्रकची पानं रिकाम्या जीपखाली दबत नसतात. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दुपारी जेवणाआधीच विजूला कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधी. गाडी चालवायला ठेवलेला गुणवंता दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीसाठी, त्या दगडफेकीच्या जत्रेसाठी, सकाळीच पांढुर्ण्याला निघून गेलेला. दाई सगुणाबाई आल्या, त्यांनी पोट चाचपलं आणि मूल आडवं आहे, एक घटकाही थांबू नका म्हणून सांगितलं. आदल्या रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला होता. नाला भरून चालला होता.

मी मागच्या दोन बैठकींच्या मधोमध गादी टाकली. विजूला आत निजवलं. केशवराव माझ्या शेजारी उजव्या हाताला बसले. लढाईतल्या या गाड्यांचं चाक डावीकडे असतं, त्यामुळे मी डावीकडे. सगुणाबाईंना म्हटलं, मागे बसा, बैठकी रिकाम्याच आहेत. त्यांनी दाराशी येऊन आत पाहिलं. पुरणपोळ्यांचं फडकं त्यांच्या हातात होतं, दवाखान्यात उपाशी राहाल म्हणून दोन पोळ्या बांधून आणलेल्या. ते फडकं त्यांनी वाकून विजूच्या हाती दिलं आणि मागे सरल्या.

"मांगं जागा नाई," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी जा."

मला वाटलं बाई पाण्याला घाबरल्या. वाद घालायला वेळ नव्हता.

नाल्यावर पोचलो तेव्हा साडेतीन झाले असतील. लख्ख उजेड होता, ऊन नव्हतं. गावातल्या डफड्यांचा आवाज मागून येत होता, तिकडे बैल सजत होते. पाण्याला ओल्या मातीचा आणि कुजल्या पाल्याचा वास. मी काठी घेऊन खोली पाहून आलो. मांडीपर्यंत होतं. माझ्या हिशोबानं गाडीच्या तळपत्र्याखाली चांगली चार बोटं जागा उरायला हवी होती. इंजिनात पाणी उडू नये म्हणून पंख्याचा पट्टा काढून खिशात घातला, आणि पहिल्या गियरमध्ये गाडी पाण्यात घातली.

मध्यापर्यंत ठीक गेलं. मग गाडीचं मागचं अंग खाली बसलं. खड्ड्यात चाक गेल्यावर बसतं तसं नव्हे. खड्ड्यात धक्का बसतो. हे सावकाश, कोणी बूड टेकून सैल बसावं तसं. उजवीकडून जास्त. पाटे कुरकुरले. दाराखालून पाणी आत आलं आणि विजूची गादी भिजली.

"विनायकराव... पानी आत येऊन राहिलं," केशवराव म्हणाले.

इंजिन खोकत होतं. मी मान वळवून मागे पाहिलं. गादीवर विजू, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. दोन्ही बाजूंच्या बैठकी रिकाम्या. पण त्यांच्या गाद्या मधोमध खोल दबलेल्या होत्या. दोन्हींच्या.

वास बदलला होता. मातीचा वास गेला होता. जुन्या ओल्या खाकीचा, बंदुकीच्या तेलाचा वास मानेमागून येत होता.

तेवढ्यात विजू पुटपुटली, "भाऊ... हे कोन बसले आहेत? भुकेले आहेत म्हनतात..."

तेव्हा मला कालचं सगळं आठवलं. गाडी आणखी बसली. पाणी पेडलवर आलं. माझी बहीण तिथे मरणार होती, माझ्या थट्टेपायी, मीच उंच केलेल्या गाडीत. मी समोर पाहत राहिलो आणि म्हणालो, "आवतन मीच देल्लं होतं. विजू, त्या फडक्यातल्या पोळ्या पुढं कर. जेवा जी... घ्या."

फडकं सोडल्याचा आवाज आला. मग काही वेळ नुसतं पाणी वाहत होतं. केशवराव डोळे मिटून हात जोडून बसले होते. मग उजवं दार आपोआप उघडलं, आणि गाडीची उजवी बाजू वर आली. मी अॅक्सिलरेटर दाबला. चाकांना तळ मिळाला. आम्ही पलीकडच्या काठावर चढलो.

दार लावायला उतरलो तेव्हा पाहिलं, फडक्यात एकच पोळी होती. विजूची नजर माझ्यावर स्थिर होती.

"एकच जेवला भाऊ. तो उतरला," ती म्हणाली. "दुसरा म्हनाला, मी पुढं जेवतो."

कळांच्या गुंगीत आहे, असं म्हणून मी गाडी सौसरच्या दवाखान्यापर्यंत हाकली. तिला आत नेलं. डॉक्टर हजर होते. मी पायरीवर बसलो. फडकं माझ्या हातात राहिलं होतं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. विचार न करता मी ती दुसरी पोळी खाल्ली.

शेवटचा घास गिळला आणि गाडीकडे लक्ष गेलं. ती सरळ उभी होती. मी धावत जाऊन खाली हात घातला. चारी कोपऱ्यांत बरोबर वीतभर आणि वर चार बोटं. गाडी पूर्ण रिकामी होती. मी हुश्श केलं. त्याच वेळी आतून मूल रडल्याचा आवाज आला. मुलगा झाला होता, विजू वाचली होती. केशवराव माझ्या गळ्यात पडून रडले. मला तेव्हाही सुचलं नाही की गाडीतून उतरलेला तो उपाशी माणूस गेला कुठे?

त्या पोराचं रडणं सहा महिने थांबलं नाही. दूध भरपूर, अंगावर पितही होतं, पण पोट भरलं असं कधी झालं नाही. अंग वाळत चाललं. नागपूरचे डॉक्टर झाले, देवाधर्माचं झालं. विजू रात्रंदिवस त्याला उराशी धरून बसायची, आणि तिच्याकडे पाहून मला दवाखान्याची ती पायरी आणि तिथे खाल्लेली पोळी आठवायची. हे मूलही हातचं जाणार, असं सगळ्यांच्या मनात होतं, बोलत कोणी नव्हतं.

उष्टावणाला पहिला घास मामानं भरवायचा असतो. मी खिरीची वाटी घेऊन बसलो. पोरगं तोंड घट्ट मिटून रडत होतं, कोणाचं ऐकेना. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, तुमच्या वाटची पोळी मी खाल्ली, चूक झाली. आता जेवा जी.

ते रडायचं थांबलं. त्यानं तोंड उघडलं. अख्खी वाटी संपवली आणि तिथेच माझ्या मांडीवर झोपलं. विजू आनंदानं रडली. मामाचा हातगुण, म्हणाली. पुढे पोरगं बाळसं धरू लागलं. वसंत नाव ठेवलं. मी सुटलो असं मला वाटलं.

परवाच्या पोळ्याला तिकडे गेलो होतो. वसंत आता तीन वर्षांचा आहे. उशिरा बोलायला लागला, दोन-चार शब्दच येतात, आई, आजा, मामा. विजू आत पुरण वाटत होती आणि गात होती. किती वर्षांनी तिला गाताना ऐकलं. मी ओट्यावर बसलो होतो. पोरगं खेळता खेळता माझ्या गुडघ्यापाशी आलं, दोन्ही हात त्यावर ठेवून उभं राहिलं आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागलं. मग अगदी हळू, मोठ्या माणसानं जुन्या ओळखीच्या माणसाला विचारावं तसं म्हणालं,

"मिस्त्री... माह्या जोडीदाराले तुमी पान्यात काहून उतरवलं?"

आतून विजूनं हाक मारली, मामाला घेऊन जेवायला ये म्हणून. ते माझं बोट धरून मला आत घेऊन गेलं.