सतरा नंबरचा तोटा

पटो वा न पटो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, माझ्यावरच गुदरलेला. गेला रविवार, संध्याकाळचे साडेसहा, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरची आमची प्रयोगाची खोली.

तिथे मी मानसशास्त्राच्या मॅडमच्या हाताखाली काम करतो. माणूस कॉम्प्युटरसमोर बसतो, डावा किंवा उजवा पत्ता निवडतो. कधी पैसे मिळतात, कधी जातात. असे साठ डाव. कोणाचे किती झाले याची नोंद मी ठेवायची. चाळीस नोंदी पुऱ्या झाल्या की माझा पगार एकरकमी मिळणार होता.

एकोणचाळीस झाल्या होत्या.

आणि बायको हॉस्पिटलमध्ये. सोमवारी दुपारपर्यंत पैसे भरले नाहीत तर ऑपरेशन पुढे जाणार होतं. तेवढा वेळ तिच्याकडे नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. सगळ्यांपुढे हात पसरून झाले होते.

अर्धवट होती फक्त सतरा नंबरची नोंद. ती एक शिंपीण मावशी. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती धातूची टोपी तशीच घालून बसलेली, त्यामुळे बटण दाबलं की टक् वाजायचं. एक्केचाळिसाव्या डावानंतर तिच्या छातीत कळ आली. जिन्यावरून नेताना तिने माझा हात धरला.

"माझे चारशे दहा झालेत. लिहून ठेव हं, बाळा."

मी हो म्हणालो. ती वाटेतच गेली. डाव अर्धवट तर पैसे नाहीत, असा आमचा नियम. मी शून्य लिहिलं.

त्या रविवारी मी तिच्याच खुर्चीत बसलो आणि तिचे उरलेले डाव खेळायला लागलो. लाज वाटत होती. पण गरजवंताला अक्कल नसते.

डावा पत्ता दाबला.

नोंद झाली... उजवा.

पुन्हा डावा. पुन्हा उजवा. चारशे दहाचे तीनशे झाले. मी कीबोर्डवरून हात काढले.

टक्...

खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

टक्... टक्...

शंभर. शून्य. आमचा प्रोग्रॅम शून्यावर थांबतो, कारण लोकांच्या खिशातून आम्ही काही घेत नाही. तो थांबला नाही. उणे दोनशे. उणे नऊशे.

साठावा डाव संपला. मग पडद्यावर अशी एक ओळ आली, जी या प्रोग्रॅममध्ये नाहीच.

'तोटा कोणाच्या नावावर?'

खाली रिकामा चौकोन. मी सतरा टाकलं. पुसलं गेलं. माझा स्वतःचा कामावरचा नंबर टाकला. तोही पुसला गेला. मग...

टक्... टक्...

२६.

माझ्या बायकोच्या खाटेचा नंबर.

मी प्लगवर झडप घातली. ओढला असता तर नोंद गेली असती. नोंद गेली की पगार गेला, पगार गेला की ऑपरेशन गेलं. हात प्लगवर होता... आणि मी तो ओढला नाही.

'नोंद पूर्ण.'

सोमवारी पैसे भरले. मंगळवारी मावशीच्या मुलीच्या हातावर चारशे दहा ठेवले. तिने ते मोजून घेतले. त्याने काही फिटलं का, हे कोणाला विचारू?

ऑपरेशन उद्या सकाळी आहे. खाट बदलून द्या म्हणून नर्सच्या हातापाया पडलो, पण दुसरी रिकामी नाही. जागरणाने भाऊजींचं डोकं फिरलंय, असं मेहुणा म्हणतो.

मगाशी बायकोने विचारलं, "एवढे पैसे कुठून आणलेस?"

"कामाचे मिळाले," मी म्हणालो.

ती समाधानाने झोपली. माझा हात प्लगवर होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.