हँडलावरचा काळा दोरा

“त्येला म्हनावं, हँडल मी धरतो,” आण्णा म्हणाले... म्हशीला!

नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. माधवनगरच्या त्या घरात थोरल्या लेकाशी काही बोलायचं झालं, की आण्णा म्हशीकडे तोंड करून बोलत आणि दादासो मुकाट्यानं ऐकून घेई. त्याच्या हातचं पाणीसुद्धा ते घेत नसत. म्हैस बिचारी रवंथ करत बापलेकांचा संसार सांभाळत होती.

गोठ्यात महिनाभर फटफटी सुट्या भागांत पडली होती. धाकटा मानसिंग उद्या पलटणीतून रजेवर येणार होता. ‘फटफटी गंजू देऊ नका, तिच्यावर आई शेवटची बसली होती,’ असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. दुपारच्या सुस्त उन्हात दादासो टाकी घासायला बसे, आणि त्या काळ्याभोर चकाकीत हरवून जाई... पाठीमागे बसलेली आई, वाऱ्यावर उडणारा पदर, हळदीचा वास! वाटे, आता ती खांद्यावर हात ठेवील.

पण नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी आई त्याच्यामागे बसलीच नव्हती. आण्णा गिरणीत पाळीवर असताना तिला घेऊन मानसिंग गेला होता. ओढ्याच्या वळणावर गाडी घसरली, आई दगडावर आपटली आणि जागीच गेली. चारच दिवसांनी मानसिंगला पलटणीत हजर व्हायचं होतं. शेतातून धावत पोचलेल्या दादासोनं थरथरणाऱ्या भावाला उसात लपवलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, मीच चालवत होतो. त्यानं तुरुंगात सहा महिने काढले. विजयमालेशी ठरलेलं लग्न मोडलं. “तुज्या आईला खाल्लंस,” हे आण्णांचे त्याच्याशी शेवटचे शब्द.

निकेल चढवायचे सगळे भाग त्यानं सांगलीला देऊन आणले होते, फक्त हँडल दिलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून आईनं स्वतःच्या हातानं त्यावर काळा दोरा बांधला होता, तो सोडायला त्याची बोटं धजेनात.

आता गाडी जोडताना त्याच हँडलावर आण्णांची बोटं फिरत होती. डोळे अधू झाले, तरी तीस वर्षं गिरणीत फिटर असलेला हात तो. मधोमध, जिथं पकड आवळतात, तिथं त्यांना एक ओरखडा लागला; गाडी आपटताना हँडल पकडीत जिथून सरकलं, तिथली ती खूण. त्यांनी हँडल पकडीत ठेवलं आणि ओरखडा पकडीच्या कडेला भिडेपर्यंत हळूहळू फिरवलं. हँडल कलून पार सीटजवळ आलं.

“त्येला म्हनावं, बस वर.”

दादासो गाडीपाशी आला. तो बसला. हँडल वळवताच त्याच्या लांब तंगड्यांचे गुडघे दोन्हीकडून अडकले. एवढ्या जवळ हँडल लागायचं, ते फक्त आखूड हातांच्या मानसिंगला.

आण्णांनी ते अडकलेले गुडघे चाचपून पाहिले. मग म्हशीकडे न बघता, लेकाच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं,

“त्या दिवशी कोन चालवत हुतं?”

दादासोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “आण्णा... त्यो उद्या येनार हाय. त्येला काय बी इचारू नगा. पोरगं आजून झोपंत आईला हाका मारतंय, त्येच्या बायकूनं कळवलंया.”

“आनि तू? तू कुनाला हाका मारल्यास रं?”

दादासो गाडीवरून उतरला. आण्णांनी पॉलिश पेपर घेतला आणि तो ओरखडा घासायला सुरुवात केली. दोऱ्याला धक्का न लावता, पार मिटेपर्यंत ते घासत राहिले. मग हँडल वर उचलून त्यांनी दादासोच्या हाताच्या मापानं बसवलं आणि बोल्ट स्वतः आवळला.

“दादा,” ते ओसरीच्या पायरीवर टेकत म्हणाले, “तांब्या भरून आन. नऊ वर्सांची तहान हाय.”

दादासोनं तांब्या आणला. आण्णा त्याच्या हातून पाणी प्यायले.