येते

औषधाची बाटली संपत आली म्हणून धाकटी दुपारीच दुकानात गेली. आईच्या दुखण्याचं ते औषध चिठ्ठीशिवाय मिळत नसे, आणि दुकानदार चिठ्ठी उलटसुलट करून बघितल्याशिवाय जागचा हलत नसे. त्यात डोसची वेळ टळली. परतताना तिचा जीव खालीवर होत होता.

आईच्या कॅन्सरवर आता डॉक्टरांकडे इलाज उरला नव्हता. उरलं होतं ते दुखणं, आणि ते आवरायचं काम धाकटीकडे. घरी येणाऱ्या नर्सबाई विचारायच्या, "दहापैकी किती दुखतंय?" आईला हे आकड्यांचं प्रकरण कधी जमलं नाही. ती म्हणायची, "पाहुणी फाटकात आहे." मग घरात तेच रूढ झालं. पाहुणी फाटकात म्हणजे सोसवतंय. जिन्यात म्हणजे औषध द्या. उशाशी मात्र तिला येऊच द्यायची नाही.

एकदाच आली होती. परगावचा दादा, फोनवरून सल्ले देण्यात पटाईत, म्हणाला होता, "एवढं औषध नको देऊस, सवय लागेल." धाकटीनं ऐकलं. आईचं त्या दिवशीचं ओरडणं अजून तिच्या कानांतून जात नव्हतं. नर्सबाईंनी नंतर दोघांनाही फैलावर घेतलं.

फाटक उघडंच होतं. आपण कडी लावून गेलो होतो ना? वीज गेलेली, जिन्यात भरदुपारी अंधार. फुलदाणीतलं पाणी कुजावं तसा वास कोंडला होता. ती चढू लागली, तसं मागून कुणीतरी चढू लागलं. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं. ती थांबली की तेही थांबे.

वरून आईची हाक आली. "आलीस का गं? जिन्यात आहे ती…"

"मीच आहे, आई!"

"तू पुढे आहेस… ती तुझ्या मागे."

धाकटीची मागे वळून बघायची छाती झाली नाही. धावतच आत शिरून तिनं दाराला कडी घातली. बिनसुईच्या सिरिंजमध्ये ठरलेलं औषध ओढून थेंबथेंब करत तिनं ते आईच्या गालात सोडलं. आता गुण यायला वेळ लागणार. तेवढ्यात दाराबाहेर पाऊल घासलं.

"दारात आली…" आई कण्हत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

धाकटीला ते बघवेना. ती दाराशी गेली, फळीला तोंड लावलं आणि आईला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "तिला सोड गं… हवं तर माझ्याकडे ये."

घासणं थांबलं.

हळूहळू आईच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. आवळलेली मूठ सुटली. औषधानंच गुण दिला, धाकटीनं स्वतःला बजावलं. सुटल्यासारखं वाटून तिला रडूच आलं.

"गेली का, आई?"

"गेली. रीतसर सांगून गेली हो. 'येते' म्हणाली."

धाकटी डोळे पुसत हसली. "सगळे तसंच म्हणतात. 'जाते' कोण म्हणतं?"

"ते झालंच…" आईचे डोळे मिटत होते. "पण मला नाही म्हणाली गं. तुझ्याकडे बघून म्हणाली."

आईला लगेच झोप लागली, कितीतरी दिवसांनी शांत. धाकटी जिन्याकडे कान लावून बसली. वीज आली, खोलीत उजेड पडला, तरी जिन्यावरून कुणी उतरलं नव्हतं.