शेपटाची गाडी

रविवारी शेपटाची गाडी चालवायची आहे असं देवेशनं सांगितलं, त्या रात्री मी आधी निवांत झोपले आणि मग मध्येच टक्क जागी झाले.

निवांत यासाठी, की शेपटाची गाडी पळवायची नसते. देवेशच्या गटातली माणसं नोकरी-धंदा सांभाळून महिन्यातून एक रविवार लासूर स्टेशनजवळच्या एका माळावर जातात. डांबराचे रिकामे डबे मांडतात आणि त्यांच्यामधून एकेक जण गाडी पळवतो. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. एवढ्या चहासाठी ही शिकलीसवरलेली माणसं चांगले टायर झिजवतात. अंधार पडला की सगळ्या गाड्या एका रांगेनं शहराकडे निघतात. रांगेत सगळ्यात मागं असते ती शेपटाची गाडी. तिचं काम एवढंच, की कुणी मागं राहता कामा नये.

जागी झाले ती यासाठी, की जो मुळातच सगळ्यांच्या मागं आहे, त्याला काही झालं तर पुढच्यांना कळणार कसं?

देवेश घोरत होता. मी उठून लेकीचं, सावनीचं, पांघरूण सारखं केलं, गॅस बंद आहे ना ते पाहिलं, परत येऊन छताकडे बघत पडले. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही त्याची भीती बाळगायचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. बाळंतपणानंतर त्या शिक्षणाचा फारच उपयोग व्हायला लागला.

शुक्रवारी अनंतरावकाका जेवायला आले होते. गटात घड्याळ त्यांच्या हातात असतं. कुणी किती वेळ घेतला ते काका सांगणार आणि त्यावर कुणी वाद घालायचा नाही. मिहिर आणि निशा हे गटातले दोघे नवेही आले होते. भरीत-भाकरी झाल्यावर सगळे गच्चीवर बसलो. थंडी चांगली होती. सावनी कानटोपी घालून माझ्या मांडीवर झोपली होती. म्हणजे मला तसं वाटत होतं.

मी काकांना तो रात्रीचा प्रश्न विचारला. सहज विचारायचं ठरवलं होतं, पण शाळेत तक्रार घेऊन गेल्यासारखा आवाज निघाला.

काकांनी कप खाली ठेवला. "देवेश, हिला सांगितलं नाहीस?"

"मलाच कुठं नीट माहीत आहे, काका. विषय निघाला की सगळे दुसरंच बोलायला लागतात."

काकांनी शेंगांची ताटली बाजूला सारली.

"आरशानं कळतं," मग ते म्हणाले. "आपल्याकडं नियम एकच. पुढच्याकडं लक्ष द्यायचं नाही, मागच्याचे दिवे आरशात सांभाळायचे. दिसेनासे झाले की गाडी बाजूला घ्यायची न् थांबायचं. तू थांबलास की तुझा पुढचा थांबतो, मग त्याचा पुढचा. अशी अख्खी रांग थांबते. पडेगावच्या अलीकडं आपला पंप आहे, तिथं सगळे जमतात. शेपूट येतं, एक हॉर्न देतं, मग ज्यानं त्यानं घरी जायचं. तोवर कुणी हलत नाही. बायकोचे कितीही फोन येऊ देत."

"नवऱ्याचे पण येतात, काका," निशा म्हणाली.

"तुझा बिचारा फोन करून आधी माफी मागत असेल," मिहिर म्हणाला, आणि निशानं त्याला शेंगांची टरफलं फेकून मारली. काका हसले नाहीत.

"तुम्ही यायच्या आधी शेपटाला कडुबा असायचा. करमाडचा. घरची शेती, शिवाय शेंद्र्याला कंपनीत कामाला. गाडी कसली, जुनी मारुती. कायम शेवटून पहिला. एवढा चहा पाजलाय त्यानं आम्हाला, विचारू नका. एकदा म्हणाला, 'मी असाही शेवटीच येतो, तर शेवटीच राहतो ना.' तेव्हापासून शेपूट त्याच्याकडं. त्याच्या गाडीचा एक दिवा पांढरा होता आणि एक पिवळा. फुटलेल्याच्या जागी जालन्याहून मिळेल तो आणून बसवला होता. 'जोडी जमली नाही, पण संसार चालू आहे,' असं बायकोसमोर म्हणायचा. तिचं नाव द्वारका. ती म्हणायची, 'पिवळा कोण ते सांगा आधी.'"

"आणि त्याच्या पुढं कोण?" देवेशनं विचारलं.

"त्याच्या पुढं गोकुळ. गटातला सगळ्यात वेगवान पोरगा, पण परतताना हट्टानं कडुबाच्या पुढचीच जागा घ्यायचा. दोघांचा जीव एक. मी हे सांगतो ते गोकुळनं मला सांगितलेलं आहे. थोडं मी स्वतः पाहिलेलं आहे."

काकांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"दोन हजार तेवीस. डिसेंबरची सतरा तारीख, रविवार. शर्यत उरकली, अंधार पडला. कडुबा म्हणाला, 'तुम्ही व्हा पुढं, मी डबे गोळा करून आलोच.' ते नेहमीचंच होतं. सगळे निघाले. गोकुळ रस्त्याला लागून थांबला. थोड्या वेळानं मागून दिवे आले. एक पांढरा, एक पिवळा. गोकुळ निघाला.

"आम्ही पंपावर उभे होतो. गोकुळ आला. मी विचारलं, 'कडुबा?' म्हणाला, 'हा काय, मागंच आहे. आत्ता वळणापर्यंत दिसत होता.'

"वाट बघितली. चहा झाला. फोन लावला. वाजत राहिला... उचलला नाही.

"मग उलटे गेलो सगळे. माळीवाडा गेला. रस्त्यात कुठंच गाडी नाही. एकेक खड्डा, एकेक नाला टॉर्च मारून बघत गेलो. पार माळापर्यंत."

खालून एक रिक्षा गेली, तिचा आवाज संपेपर्यंत काका थांबले.

"गाडी माळावरच होती. रस्त्याला लागलीच नव्हती. निम्मे डबे डिकीत टाकलेले. निम्मे तसेच मांडलेले. कडुबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. दिवे बंद. बॉनेटला हात लावला... गार.

"डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणाले, बराच वेळ झालाय. लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं कदाचित."

मिहिर हळूच म्हणाला, "काका, म्हणजे आरशात दिवे दिसले नसते, तर गोकुळदादा थांबला असता."

"हो."

"मागं गेला असता."

"हो."

"मग..."

"मग काय ते मला विचारू नकोस, बाळा. त्याचं उत्तर गोकुळलाही ठाऊक नाही."

माझा हात सावनीच्या पाठीवर होता. तो मी उगीचच तिच्या छातीशी नेला, ठोके लागेपर्यंत ठेवला.

"गोकुळवर कुणाचा विश्वास बसला नाही," काका सांगत होते. "आणि बसावा तरी कसा? सगळे धरून चालले, की हा फोनवर बोलत असणार, आरशात बघितलंच नसणार, आणि आता अंगावर येतंय म्हणून दिव्यांची गोष्ट रचतोय. तोंडावर कुणी बोललं नाही. पण क्रांती चौकात आम्ही नाश्त्याला जमायचो, तिथं त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी राहायला लागली. मुद्दाम असं नाही. आपोआप.

"दहावा झाल्यावर द्वारकावहिनींनी त्याला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, 'भावजी, तुम्ही आरशात बघितलं नाही, एवढं म्हणा. म्या काही मनात ठेवणार नाय. माणूस हाय, चुकतो. पण ते गेल्यावरबी तुमच्या मागं मागं येत होते, असं मला सांगू नका. मला रात्रीला दोन लेकरं घेऊन त्याच घरात झोपायचंय.'

"आता बघा. एवढंसं खोटं बोलायचं. आम्ही सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं, की म्हणून टाक बाबा, तिचा जीव तरी शांत होईल. तो करमाडला जायचा. फाटकापर्यंत जायचा न् परत यायचा. मला म्हणाला, 'काका, मी बघितलं होतं. एकच तर काम होतं माझ्याकडं. बघितलं नाही म्हणालो, तर कडुबाचं शेवटचं येणंसुद्धा खोटं ठरंल.' त्यानं शर्यत सोडली. वर्षभर पोरगा कुणाशी धड बोलला नाही."

निशानं डोळे पुसले, आणि थंडीला दोन शिव्या दिल्या.

"वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. गोकुळ ओसरीच्या टोकाला बसला होता. द्वारकावहिनी हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, 'गाडी काढा. मला त्या रस्त्यानं न्या.'

"दोघं लासूरला गेले. मला गोकुळचा फोन आला, की पंपावर येऊन थांबा. मी एकटाच येऊन थांबलो.

"माळापाशी गाडी वळवून गोकुळ रस्त्याला लागला न् उभा राहिला. वहिनी शेजारी बसलेल्या. त्यांनी हात वर केला आणि आरसा स्वतःकडं वळवून घेतला. म्हणजे आता गोकुळला मागचं काही दिसणार नाही. दिसलं तर एकट्या वहिनींना.

"'चला,' म्हणाल्या.

"गोकुळ निघाला. विचारायची हिंमत नाही. न विचारायची पण नाही. म्हणाला, 'वहिनी, दिसतंय का काही?'

"वहिनींनी आरसा आणखी जरा खाली केला.

"काचा बंद. आत नुसता गाडीचा आवाज. समोरून एक ट्रक गेला... मग अंधार. पुन्हा अंधार. गोकुळ सरळ बघत होता. मान वळवली नाही. वहिनी आरशात बघत होत्या.

"माळीवाडा आला.

"गेला.

"गोकुळचा पाय नकळत दाबला गेला. लवकर संपावं, म्हणून असेल. गाडी पळाली.

"वहिनींनी त्याच्या हातावर हात ठेवला. आवाज अगदी साधा. घरात बोलावं तसा.

"'जरा दमानं, भावजी. मागं पडायलेत ते.'"

देवेशचा हात मला लागला. गार होता, का माझाच गार होता, कोण जाणे.

"पंपावर आले," काका म्हणाले. "मी बघत होतो. गोकुळची एकटी गाडी. मागं रस्ता रिकामा. वहिनी उतरल्या. रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. पदर नीट केला. मग गोकुळकडं वळून म्हणाल्या, 'तुम्ही बघितलं होतं, भावजी.'

"गोकुळ तिथंच खाली बसला. दोन्ही हातांत डोकं धरून. वर्षभराचं रडला तो.

"मग तो त्यांना करमाडला सोडायला गेला. आरसा त्यांनी स्वतःकडंच ठेवला होता. शहर ओलांडून पार करमाडपर्यंत बघत होत्या. नंतर मला गोकुळ म्हणाला, त्या रस्त्याला वहिनींना आरशात काही दिसलं नाही. वहिनी घरापाशी उतरल्या, तरी मागं वळून बघत राहिल्या. काही नव्हतं.

"ते गेल्यावर मी निघणार, तर पंपाच्या काँक्रीटवर लक्ष गेलं. संध्याकाळीच धुतलेलं, स्वच्छ. गोकुळची गाडी उभी होती, त्याच्या मागं एक गाडी उभी राहील एवढ्या अंतरावर... ऑइलचे थेंब. गोकुळची गाडी नवी, ती गळत नाही. कडुबाची गळायची. जिथं उभी राहील तिथं डाग. त्यानं इंजिनाचं ते गळकं सील कधी बदललं नाही.

"मी खाली वाकून बोट लावलं."

काकांनी उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासलं. त्यांना ते कळलं नसावं.

"गरम होतं."

कुणीतरी उठावं, कप गोळा करावेत, असं मला वाटत होतं. मीच उठायला हवं होतं, घर माझं होतं. देवेशला म्हणावं, नको जाऊस रविवारी. पण मग त्या रांगेच्या मागं कोण असेल, हेही त्याच क्षणी मनात आलं. आता झोप येणार नाही ती नक्की कशानं, तेसुद्धा मला ठरवता येईना. लहान मुलीजवळ असलं काही सांगतात का, म्हणून काकांवर रागवावं, तर विचारलं होतं मीच.

मांडीवर हालचाल झाली. सावनी उठून बसली. कानटोपी एका डोळ्यावर आली होती, ती तिनं मागं सरकवली. ती झोपेतून उठल्यासारखी दिसत नव्हती. घाबरलेली तर मुळीच नव्हती. तिनं आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग काकांकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "मग कडुबाकाकांना घरी कोणी सोडलं?"